पाणी आले, माळ घटला: खटाव-माणच्या रानमाश्या आणि तुमच्या पिकाचे सेटिंग



काकडीची मादी कळी पिवळी पडून गळते. कलिंगड एका बाजूने फुगते, दुसऱ्या बाजूने चपटे राहते. कांदा बीजोत्पादनात गोंडा भरगच्च दिसतो, पण चोळून पाहिला तर दाणे पोचट. वडूज, पुसेगाव, मायणी, आटपाडी या पट्ट्यातून असे फोन आता दर हंगामात येतात आणि बहुतेक फोनचा शेवट एकाच प्रश्नाने होतो, "साहेब, बोरॉन मारू का दुसरे काही टॉनिक?" बोरॉनची कमतरता असेल तिथे बोरॉन जरूर द्या. पण फूल उमलले त्या दिवशी त्यावर माशी बसलीच नसेल, तर बाटलीतले कोणतेही औषध ते काम करणार नाही.

माशी का बसली नाही, याचे नेहमीचे उत्तर म्हणजे कीटकनाशक. ते खरे आहे, पण अर्धे. उरलेले अर्धे उत्तर जमिनीच्या वापरात आहे. कोणत्या जमिनीवर काल काय होते आणि आज काय आहे, हा तो प्रश्न. औषधांबद्दल आपण नेहमी बोलतो, म्हणून आज या दुसऱ्या बाजूकडे पाहू.

शिवार कसे बदलले

वडूजचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. येरळा वर्षातले बरेच महिने कोरडी. अशा ठिकाणी पूर्वी पीक घ्यायची रीत ठरलेली होती. खरिपात बाजरी, तिच्या ओळींत मटकी, हुलगा, तूर, कडेने तीळ, अंबाडी, कारळा. रब्बीत शाळू आणि त्याच्याभोवती करडईचे तास, कारण करडईच्या काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. शिवाय घेवडा, हरभरा आणि नंतरच्या काळात सूर्यफूल.

आता हीच यादी माशीच्या बाजूने वाचा. पाऊस लागला की काही आठवड्यांत तीळ फुलतो, सप्टेंबर-ऑक्टोबरला कारळा, नोव्हेंबर-डिसेंबरला तूर, जानेवारी-फेब्रुवारीत करडई. शाळूचे परागीकरण वाऱ्याने होते, तरी सकाळच्या वेळी त्याच्या फुलोऱ्यातला पराग गोळा करायला माश्या येतातच. मधल्या दिवसांत बांधावरचा तरवड, रुई, बोर, दगडी पाला, कुर्डू. कोणी योजना आखली नव्हती, पण सात-आठ महिने फुलांची साखळी तुटत नव्हती. आणि शेताला लागून न नांगरलेला माळ होता, जिथे माश्यांची घरे होती.

१९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतरच्या वर्षांत चित्र हळूहळू पालटले. उरमोडीचे पाणी खटाव-माणकडे वळले. जिहे-कठापूर, म्हणजे आताच्या गुरुवर्य लक्ष्मणराव इनामदार उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचे पाणी वर्धनगडाच्या बोगद्यातून नेर तलावात आणि तिथून येरळेत आणण्याचे काम झाले. टेंभूचे पाणी आटपाडी आणि मायणीच्या बाजूला पोहोचले. पाणी आल्याचे दुःख करणारा माणूस या भागात सापडणार नाही, आणि मीही तो नाही. ज्यांनी टँकरच्या रांगा आणि चारा छावण्या पाहिल्या त्यांना ऊस लावू नका असे सांगायला तोंड नाही.

पण हिशेब मांडायला हरकत नाही. पाण्यामागून ऊस, आले, बटाटा, कांदा, मका आणि डाळिंब आले. ऊस तोडणीला जातो तेव्हा त्याला तुरा नसतो, आणि असलाच तर तो माशीच्या कामाचा नाही. आल्याला आपल्याकडे फूल क्वचित दिसते. बटाट्याच्या फुलात मकरंद नसतो. कांदा आपण फुलायच्या आत काढतो. मक्यात पराग मिळतो, मकरंद नाही. राहिले डाळिंब. त्याला फूल आहे, पराग आहे, पण बहर धरल्यापासून त्यावर फवारण्यांचा रतीब असतो. वरून शिवार हिरवेगार दिसते आणि माशीच्या लेखी तो हिरवा दुष्काळ असतो.

याच काळात तेलबिया गेल्या. देशात सूर्यफुलाचे क्षेत्र २००५-०६ च्या सुमारास २० लाख हेक्टरच्या वर होते, ते घसरून आता काही लाखांवर आले आहे. आयात तेलाचे दर, विषाणूजन्य नेक्रोसिस रोग, पोपटांचा त्रास, अशी बरीच कारणे त्यामागे आहेत. पण ज्यांनी सूर्यफूल केले त्यांना आठवत असेल की फुलाच्या मधला भाग पोचट राहण्याची तक्रारही जुनीच आहे, आणि ती थेट माश्यांच्या कमतरतेशी जोडलेली आहे. माशी कमी म्हणून दाणा कमी, दाणा कमी म्हणून पेरा कमी, पेरा कमी म्हणून माशी आणखी कमी. हे चक्र एकदा सुरू झाले की कुठून तोडायचे ते कळत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पूर्वी एप्रिल-मेमध्ये या भागात ओली जागा आणि फूल दोन्ही दुर्मिळ होते. आज पाटाच्या कडेला, ठिबकच्या ओलीवर, उन्हाळी भाजीपाल्यात काही ना काही फुललेले असते. फुलोरी आणि आग्या माशीला याचा फायदा होतो. जमीन बदलली की सगळ्याच माश्या जातात असे नाही. काही जातात, काही टिकतात, काही वाढतातही. कोणत्या जातात हे महत्त्वाचे.

बाहेरच्या जगातला अभ्यास आपल्याला किती लागू

मधमाशी म्हटले की आपल्याला पोळे आणि मध आठवतो. जगात माश्यांच्या २० हजारांहून अधिक प्रजाती आहेत, भारतात सातशेच्या वर. त्यांतल्या मध साठवणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या बहुतेक एकट्या राहतात. एक मादी, एक बीळ, चार-दहा पिल्ले, संपला संसार. यांना राणी नाही, पोळे नाही, आणि त्या सहसा चावतही नाहीत. लेखात रानमाश्या म्हणतो त्या याच, आणि त्यांच्या जोडीला आग्या, फुलोरी यांसारख्या पेटीबाहेरच्या मधमाश्या.

जमिनीचा वापर बदलल्यावर या माश्यांचे काय होते, यावर गेल्या वीस वर्षांत भरपूर काम झाले. २००९ मध्ये रेचेल विनफ्री आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यात एक दिलासा देणारी गोष्ट निघाली. मोठा फटका दिसला तो परिसरात नैसर्गिक जागा जवळपास संपल्या होत्या तिथे. थोडाफार माळ, झुडपे, ओढ्याकाठ शिल्लक होता तिथे माश्या बऱ्यापैकी टिकून होत्या. म्हणजे सगळे शिवार पडीक ठेवायची गरज नाही, पण शेवटचा तुकडाही नांगरला की घसरण एकदम होते.

हे निष्कर्ष डोळे झाकून घेऊ नयेत, असे मात्र मला वाटते. २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या अॅड्रियाना डी पाल्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरची आकडेवारी तपासून दाखवले की ही माहिती युरोप आणि उत्तर अमेरिकेकडे प्रचंड झुकलेली आहे, आणि एका भागातल्या किंवा एका गटातल्या माश्यांवरून दुसरीकडचा अंदाज बांधला तर तो चुकतो. तिकडच्या पुस्तकांत केसाळ, गुबगुबीत बंबलबी पानोपानी दिसते. ती आपल्याकडे हिमालयात आहे, दख्खनच्या पठारावर नाही. तेव्हा तिच्यासाठी सांगितलेले उपाय वडूजला आणून लावण्यात अर्थ नाही.

उष्ण प्रदेशाचे काय, याचे उत्तर २०२१ मध्ये जोसेफ मिलार्ड आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून मिळाले. त्यांनी १२ हजारांहून अधिक ठिकाणच्या, साडेचार हजार परागसिंचक प्रजातींच्या नोंदी तपासल्या. समशीतोष्ण देशांत शेती तीव्र झाल्याने होणारा परिणाम संमिश्र होता. उष्ण कटिबंधात मात्र पिकाखालच्या जमिनीचा वापर जितका तीव्र, तितकी माश्यांची संख्या आणि प्रकार दोन्ही स्पष्टपणे कमी. आपण उष्ण कटिबंधात आहोत, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक अभ्यास लहान शेतकऱ्याच्या कामाचा आहे. २०१६ मध्येच लुकास गॅरिबाल्डी आणि त्यांच्या चमूने आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील ३४४ शेतांवर, ३३ पिकांत पाहणी केली. एकाच पिकात चांगले उत्पादन देणारी शेते आणि मागे पडलेली शेते यांच्यात जो फरक असतो, तो २ हेक्टरपेक्षा लहान शेतांत केवळ फुलांवर येणारे कीटक वाढल्याने सरासरी २४ टक्क्यांनी भरून निघू शकतो, असे त्यांना दिसले. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. खत, पाणी, बियाणे यांवर आपण पैसे ओततो. हा घटक फुकट असूनही आपल्या ताळेबंदात येत नाही.

कोणती माशी कुठे राहते

इथे जरा थांबू, कारण सगळी गोम इथेच आहे. माशीला दोन गोष्टी लागतात, फूल आणि घर. आपण फुलांचा विचार कधीमधी करतो, घराचा कोणीच करत नाही.

आग्या माशी वड-पिंपळाच्या उंच फांदीला, कड्याखाली, पाण्याच्या टाकीखाली बसते. ती काही किलोमीटरवरून चारा आणते आणि हंगामाप्रमाणे स्थलांतर करते. रस्ते रुंद करताना जुने वड गेले तशी तिची बसायची ठिकाणे गेली. मशाल लावून पोळे जाळण्याची सवय आहेच. फुलोरी माशी बोरी-बाभळीच्या झुडपात तळहाताएवढे एकच पोळे करते. बांधावरची झुडपे काढली की ती गेली. सातेरी माशी झाडाच्या किंवा दगडांच्या पोकळीत राहते. महाबळेश्वर-जावळीच्या बाजूला ती भरपूर, आपल्या कोरड्या पूर्वेला कमी.

काळा भुंगा वाळक्या लाकडाला भोक पाडून राहतो. घराचा वासा, वाळलेली फांदी, बांबू, काहीही चालते. लाकूड पोखरतो म्हणून लोक त्याला हाकलतात, पण तरवड, रुई आणि वांगी यांच्यासाठी तो फार मोलाचा. वांग्या-टोमॅटोच्या फुलातला पराग मिठाच्या डबीसारख्या बंद नळीत असतो. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला धरून छातीचे स्नायू थरथरवतात, 'झुंऽऽ' असा आवाज येतो आणि पराग गळतो. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. कृष्णाकाठच्या वांग्याची चव सगळे सांगतात, त्या वांग्यावर झुंकारणाऱ्या माशीचे नाव कोणी घेत नाही. (वांग्याची सगळीच फुलगळ माशीअभावी होते असे समजू नका. आखूड स्त्रीकेसराची फुले गळणारच, ती त्या झाडाची रीत आहे.)

ही निळ्या पट्ट्यांची माशी मातीत किंवा जुन्या मातीच्या भिंतीत बीळ करते. माण-खटावची धाब्याची घरे, पांढऱ्या मातीचे गोठे पाडून सिमेंट आले, तेव्हा तिचीही वसाहत उठली. पाने कापणारी माशी तुरीच्या किंवा गुलाबाच्या पानाचा अर्धगोल तुकडा कापून पोकळ काडीत, भोकात घर करते. तुरीवर ती फार येते. तुरीत परपरागीकरण होऊन बी शुद्ध राहत नाही, त्याला मुख्यतः ही आणि भुंगे कारणीभूत. इक्रिसॅटने तुरीचे संकरित वाण तयार केले ते याच माश्यांच्या भरवशावर. पानाला गोल कापे दिसले की अळी समजून फवारा उचलणारे लोक मी पाहिले आहेत. कापा गुळगुळीत अर्धगोल असेल तर फवारू नका. आणि भिंतीवर मातीचे मडके करणारी कुंभारीण वेगळी, ती गांधीलमाशीच्या कुळातली आहे.

शेवटच्या आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे जमिनीत राहणाऱ्या बारक्या माश्या. मुंगीपेक्षा थोड्या मोठ्या, धने-कांद्याच्या फुलावर असतात तरी लक्षात येत नाहीत. जगातल्या माश्यांच्या बहुतांश प्रजाती जमिनीतच घर करतात. त्यांना उघडी, घट्ट, पाणी न साचणारी, न हलवलेली माती लागते. आपला मुरमाड माळ आणि तालीचा उतार म्हणजे त्यांच्यासाठी बांधून तयार वसाहत. तिथे रोटर फिरला की वरच्या चार-सहा इंचांतली पिल्ले संपतात, खोल असलेली वाचतात. अमेरिकेत काशीफळावरच्या जमिनीत राहणाऱ्या माश्यांवर झालेल्या प्रयोगात नांगरट केलेल्या मातीतून बाहेर पडणाऱ्या माश्या सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसले.

आता अंतर. लहान माश्यांची धाव काहीशे मीटरपलीकडे जात नाही. गुगल मॅपवर तुमचे शेत उघडा आणि भोवती २०० ते ३०० मीटरचे वर्तुळ मनात काढा. त्या वर्तुळात गेल्या दोन वर्षांत नांगर न लागलेली जागा किती आहे? ओढ्याची कड, पडका गोठा, स्मशानभूमी, देवराई, रुंद बांध, काहीही मोजा. उत्तर शून्याच्या जवळ येत असेल तर तुमच्या शेतात येणारी माशी एकतर लांबून येणारी आग्या, नाहीतर भाड्याची.

भाड्याच्या पेटीबद्दल

मधमाशीपालनाला सध्या चांगले दिवस आहेत. केंद्राने २०२० मध्ये राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी ५०० कोटींची तरतूद केली. २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर देशातले पहिले 'मधाचे गाव' झाले, सातारा जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी ती गोष्ट आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. पेटीचे शास्त्र आपल्याकडे पक्के आहे.

डाळिंब, काकडीवर्गीय पिके, कांदा बीजोत्पादन यांत पेटी जरूर ठेवा. दहा टक्के फुले उमलल्यावर आणा, आधी आणली तर माश्या दुसरीकडची वाट धरतात. पण पेटी म्हणजे रानमाशीचा पर्याय नाही. गॅरिबाल्डींच्याच २०१३ च्या अभ्यासात, ४१ पीकपद्धतींत, रानातल्या कीटकांच्या भेटीने फळधारणा मधमाशीच्या तेवढ्याच भेटींपेक्षा जवळजवळ दुप्पट वाढली, आणि मधमाश्या भरपूर होत्या तिथेही रानमाश्यांचा फायदा वेगळा दिसला. शिवाय मांघरच्या मागे जंगल आहे. उसाच्या पट्ट्यात पेटी ठेवून साखरेचा पाक पाजत बसायचे, तर मध कसला आणि परागीकरण कसले? सगळा निधी पेट्यांवर आणि फुलांच्या नावाने शंख, हे धोरण मला अपुरे वाटते.

आधी तपासा, मग खर्च करा

तुमच्या प्लॉटमध्ये खरोखर माशीच कमी आहे का, हे घरच्या घरी कळते. काकडी, कारले, कलिंगड, भोपळा यांपैकी कोणत्याही पिकात सकाळी नुकत्या उमललेल्या २० मादी फुलांना नर फुलाने हाताने परागीकरण करा आणि रंगीत दोरा बांधा. त्याच दिवशी, त्याच ओळीतल्या दुसऱ्या २० मादी फुलांना वेगळ्या रंगाचा दोरा बांधून तशीच सोडा. आठवड्याने किती फळे टिकली ते मोजा. हाताने केलेल्यांत टिकण्याचे प्रमाण ठळकपणे जास्त असेल, तर तुमच्याकडे माशी कमी आहे. दोन्हींत सारखेच असेल, तर दोष खत, पाणी, उष्णता किंवा विषाणूत शोधा आणि माश्यांना बोल लावू नका. एका पोराचे दोन सकाळींचे काम आहे. टॉनिकच्या एका बाटलीच्या किमतीत नक्की बसते.

माशी कमी निघाली तर सुरुवात बांधापासून करा. बांध कोरून दोन तास जास्त काढण्याची आपली जुनी खोड आहे. त्या दोन तासांचे उत्पन्न आणि सेटिंगमधला तोटा एकदा शेजारी-शेजारी लिहून पाहा. ताल किंवा बांधाची उताराची बाजू उघडीच राहू द्या, तिथे तणनाशक नको आणि मार्चमधली जाळपोळ तर नकोच, कारण वाळक्या काड्यांत माश्यांची पुढची पिढी बसलेली असते. तरवड, बोर, रुई उपटू नका. कारळा अर्धा किलो बी आणले तरी बांधाच्या कडेने भरपूर होते. जुलै-ऑगस्टमध्ये टाका. रब्बीत शाळू असो वा हरभरा, करडईचे दोन तास परत आणा. आल्याच्या आणि उसाच्या कडेने तुरीची एक ओळ लावा, दाळही होईल. भाजीपाला करणाऱ्यांनी धने, शेपू, बडीशेप यांची एखादी सरी फुलायला सोडावी. विकायचे राहिले म्हणून कोथिंबीर फुलली, तर लगेच रोटर फिरवू नका, आठ-दहा दिवस द्या.

फवारणी संध्याकाळी करा, असे आम्ही सगळेच सांगतो. काकडी, कारले, कलिंगड यांना ते बरोबर, कारण त्यांची फुले सकाळी उमलतात. दोडका मात्र संध्याकाळी उमलतो. त्याच्यावर संध्याकाळी पाचला फवारा मारला तर ताज्या फुलावरच विष पडते. दोडक्याला फूल मिटल्यावर, सकाळी उशिरा फवारा.

या खटाटोपाने दुर्मिळ प्रजाती वाचतील असा दावा मी करणार नाही. पिकावर काम करणाऱ्या माश्या जगभर मोजक्याच, सर्वसाधारण प्रजातींच्या असतात, आणि बांधावरच्या फुलांनी त्याच वाढतात. माळावरच्या खास प्रजातींना माळच लागतो, आणि तो एकट्या शेतकऱ्याच्या हातात नसतो.

गायरानाचा ठराव येतो तेव्हा

माळ आणि गायरानाकडे सरकारी कागद 'पडीक' म्हणून बघतात, गावही तसेच बघते. पूर्वी इथे घनदाट जंगल होते आणि ते तुटून माळ झाला, असे शाळेतही सांगितले जाते. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळे सांगतो. त्यांनी जुन्या मराठी रचना आणि लोकसाहित्यातले झाडांचे उल्लेख तपासले. त्यांत पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागात शेकडो वर्षांपूर्वीही गवताळ, काटेरी विरळ झाडांचा मुलूख दिसतो. म्हणजे आपला माळ हा उजाडलेले जंगल नसून मुळातच माळ आहे. पण २०१९ च्या ३३ कोटी वृक्षलागवडीसारख्या मोहिमांत अशाच जागा 'रिकाम्या' म्हणून सहज पुढे येतात. गिरिपुष्पाला फुले येतात, भुंगेही येतात, हे मान्य. पण सावलीखाली गवत आणि माळाची बारीक फुले राहत नाहीत.

जलसंधारणाच्या चरांबद्दल मी इतका कडक नाही. जेसीबीने चर खणताना माती उलथते, तिथली बिळे जातात. पण पुढे ती जागा तशीच सोडली तर गवत परत येते आणि चराच्या उभ्या भिंतीत माश्या पुन्हा बीळ करू शकतात. पाण्याच्या बदल्यात हा तोटा सोसता येतो.

सध्याचा खरा प्रश्न सौर प्रकल्पांचा आहे. २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला. शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी हा तिचा उद्देश, आणि रात्री बिबट्या-सापाच्या भीतीत दारे धरलेल्या कोणालाही तो पटेल. त्यासाठी उपकेंद्राजवळची सरकारी जमीन, अनेक ठिकाणी गायरान, घेतली जाते. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आहे. गायरानावर शेकडो मेंढ्या चरतात, धनगर समाजाचे पोट त्यावर आहे, म्हणून अनेक गावांत विरोधही झाला. त्या चर्चेत माशीचा विषय कोणी काढत नाही. काढायला हवा, कारण शेजारच्या दोन-तीनशे मीटरमधल्या शेतांचे सेटिंग त्या जागेवर अवलंबून असते.

प्रकल्प झाला म्हणजे माश्या संपल्याच, असे मात्र नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने २०१६ मध्येच सौर प्रकल्पाखाली परागसिंचकांना उपयोगी वनस्पती ठेवण्याचे निकष ठरवले. तिथे आरगॉन प्रयोगशाळेने पूर्वी शेती असलेल्या दोन प्रकल्पांवर पाच वर्षे मोजणी केली. पॅनेलखाली स्थानिक गवत आणि फुलझाडे लावल्यावर एकूण कीटक तिप्पट झाले आणि स्थानिक माश्या वीसपट, असे २०२४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. ती जमीन मुळात नांगरलेली होती, आपला माळ मुळात जिवंत आहे. त्यामुळे वीसपटीची अपेक्षा इथे करू नका. आहे ते टिकले तरी पुष्कळ.

त्यासाठी ग्रामसभेत जागेचा ठराव येईल तेव्हा काही अटी लिहून घेता येतात. शक्य असेल तिथे आधी नांगराखाली असलेली किंवा खाणीने खराब झालेली जागा द्यावी, अखंड माळ नंतर. सपाटीकरण फक्त खांब आणि रस्त्यापुरते, सगळ्या जागेवर डोझर नको. पॅनेलखाली तणनाशक वापरणार नाही, गवत कापून किंवा मेंढ्या चारून आटोक्यात ठेवू, असे करारात यावे. मेंढपाळांना आत प्रवेश मिळाला तर दोन्ही प्रश्न एकदम हलके होतात. कुंपणाच्या आतून दहा-पंधरा फुटांचा पट्टा तरवड, बोर आणि स्थानिक गवतासाठी मोकळा ठेवावा. आणि मोजणीच्या दिवशी तलाठ्याच्या नकाशासोबत ओढ्याची कड, उभी दरड आणि जुने वड कुठे आहेत ते गावातल्या कोणीतरी बरोबर फिरून दाखवावे, कारण नकाशावर त्या जागेपुढे फक्त गट नंबर असतो.